डर्बीच्या गॅरेजमधली पेल एल: एकच कृती, दोन खेपा

४ जानेवारी २०२५, शनिवार

सामान आलं. याआधी किटची बिअर करून पाहिली होती, म्हणजे डब्यातला तयार अर्क, त्यात पाणी, साखर आणि यीस्ट. पिण्यालायक होते, पण डबा कुठलाही आणा, मागे राहणारी चव तीच. म्हणून आता थेट धान्यापासून पेल एल, म्हणजे फिक्कट कडू बिअर. मोड आणून वाळवलेली बार्ली (माल्ट) भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायची, तिच्यातल्या स्टार्चची साखर झाली की चोथा काढून टाकायचा, उरलेलं गोड पाणी हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घालून उकळायचं, गार करून यीस्ट टाकायचं. त्या गोड पाण्याला इकडे इंग्लंडमध्ये वर्ट म्हणतात. चोथा गाळायला वेगळं भांडं न घेता मोठ्या जाळीच्या पिशवीत धान्य ठेवायची पद्धत निवडली. एकच बॉयलर, एकच पिशवी.

खर्च असा: ३० लिटरचा इलेक्ट्रिक बॉयलर ११० पौंड, पिशवी १८, गार करायचा तांब्याचा कॉइल ५५, झाकणाची बादली १४, हायड्रोमीटर ६, बुचं बसवायचं यंत्र १६, न धुवावा लागणारा सॅनिटायझर ११. एकूण २३० पौंड. यातला कॉइल पहिल्या फटक्यात घ्यायची गरज नव्हती, ते पुढे येईलच.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरगुती बिअरला परवाना लागायचा, तो १९६३ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला. स्वतःसाठी कितीही करा, विकायची नाही.

कृती (२० लिटर बादलीत जातील अशा बेताने): मॅरिस ऑटर माल्ट ४.२ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. चॅलेंजर हॉप्स २५ ग्रॅम पूर्ण तासभर उकळायला, ईस्ट केंट गोल्डिंग्ज ३० ग्रॅम शेवटची १५ मिनिटं, आणखी ४० ग्रॅम आच बंद केल्यावर. यीस्ट सॅफेल एस-०४. उकळून झाल्यावर घनता १.०४६ अपेक्षित (साधं पाणी १.०००; साखर जास्त तर आकडा वर, यीस्टने ती खाल्ली की खाली).

मॅरिस ऑटर ही केंब्रिजला तयार केलेली १९६०च्या दशकातली जात. आता नव्या जाती जास्त उतारा देतात, तरी इथले जुने लोक हिलाच धरून आहेत. ५ किलोच्या दोन पिशव्या घेतल्या, दुकानातूनच भरडून.

१० जानेवारी, शुक्रवार रात्री

पाणी. डर्बीहून बर्टन-अपॉन-ट्रेंट गाडीने अर्ध्या तासावर. फिक्कट कडू बिअरचं माहेर तेच. १८२२ च्या सुमारास ऑलसॉपच्या ब्रुअरीने लंडनच्या हॉजसनची हिंदुस्थानात जाणारी बिअर समोर ठेवून तशीच बनवायचं ठरवलं आणि पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत केला. तिथून पिंपं निघाली ती थेट मुंबई-कोलकात्याच्या गोऱ्या साहेबांसाठी. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यात सल्फेट भरपूर, आणि सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा, स्वच्छ लागतो.

पण डर्बीच्या नळाला ते पाणी येत नाही. मत्स्यालयवाल्यांचं टेस्ट किट आणून मोजलं, क्षारता लिटरला १४० मिलिग्रॅमच्या आसपास. फिक्कट माल्टला ३०-४० पुरे. जास्त राहिली तर मॅशचा (गरम पाण्यातल्या धान्याचा) पीएच चढा राहतो आणि कडूपणा जिभेला खरखरीत लागतो. क्षारता उतरवायचं आम्लाचं द्रावण इथे सीआरएस नावाने मिळतं, ते २८ लिटरला १७ मिली घातलं. ते हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं असतं, त्यामुळे सल्फेट-क्लोराइड त्यातूनच वाढतं. हे लक्षात घेऊन जिप्सम ५ ग्रॅमवर थांबलो. कामावर एक जन्माने बर्टनचा सहकारी आहे. तो म्हणाला, "बर्टनचं पाणी तंतोतंत करायला जाऊ नकोस. उघडल्या उघडल्या काडेपेटीचा वास मारेल." या गंधकी भपकाऱ्याला ते लोक 'बर्टन स्नॅच' म्हणतात आणि अभिमानाने सांगतात.

क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून टाकली. ही पायरी गाळू नका. क्लोरीन राहिलं तर बिअरला औषधी वास येतो आणि तो कशानेच जात नाही.

११ जानेवारी, शनिवार: पहिली खेप

सकाळी साडेआठला बॉयलर चालू. नळाचं पाणी ८ अंश, गॅरेज त्याहून गार. २.४ किलोवॉटच्या बॉयलरला २८ लिटर पाणी ७० अंशांवर न्यायला जवळपास तास लागला. पुढच्या वेळी पाणी तापेपर्यंत आंघोळ, नाश्ता उरकून घ्यायचा.

पिशवी आत सोडण्याआधी तळाशी स्टीलची चाळणी उपडी ठेवली. पिशवी तळाला चिकटली आणि खालून आच लागली तर नायलॉन वितळतं. धान्य थोडं थोडं टाकत एकाने ढवळायचं, दुसऱ्याने ओतायचं. गुठळ्या झाल्या तर त्या आतून कोरड्याच राहतात. सगळं आत गेल्यावर ६६ अंश, हवं तेवढंच. आच बंद करून बॉयलरला घरून आणलेली गोधडी गुंडाळली. तासाभरात ६४.५ वर उतरलं, चालण्यासारखं. गोधडी मात्र चिकट झाली आणि त्यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली.

तासाने आयोडीनची चाचणी. पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक. रंग पिवळट तपकिरीच राहिला, म्हणजे काम झालं असं धरलं.

पिशवी छताच्या हुकाला दोरीने टांगली, श्रीखंडाला चक्का टांगतो तशी, आणि खाली बॉयलर. वीसेक मिनिटं निथळल्यावर जाड रबरी हातमोजे घालून पिळली. ओली पिशवी आठ किलोंच्या घरात जाते, गाठ मारताना याचा विचार करा.

आता पहिली वाईट बातमी. उकळण्याआधी २५ लिटर वर्ट, घनता १.०४० हवी. नमुना कपात काढून थंड पाण्यात बुडवून २० अंशांवर आणला आणि हायड्रोमीटर सोडला: १.०३३. (गरम नमुन्यात मोजू नका. ६० अंशांना हायड्रोमीटर पंधरा-सोळा पॉइंट, म्हणजे ०.०१५-०.०१६, कमी दाखवतो.) पुन्हा मोजलं, तेच.

इथे तीन वाटा असतात. एक, जास्त वेळ उकळून आटवायचं. पण सात पॉइंट भरून काढायला चारेक लिटर जादा आटवावे लागले असते, म्हणजे तासाहून जास्त वीज आणि तेवढ्या बाटल्या कमी. दोन, कोरडा माल्ट अर्क. ५०० ग्रॅमने आठेक पॉइंट वाढले असते, पण घरात नव्हता आणि जवळ कुठे मिळण्यासारखा नाही. तीन, आहे तसं पुढे जायचं. तिसरी वाट धरली. पुढच्या यादीत सगळ्यात वर: अर्धा किलो माल्ट अर्क कायम घरात.

हॉप्स मात्र कृतीप्रमाणेच घातले, आणि ते कमी करायला हवे होते. वर्ट पातळ असताना तेवढेच हॉप्स म्हणजे बिअर कडूपणाकडे झुकणार. त्या गडबडीत ते सुचलं नाही.

उकळीची पहिली दहा मिनिटं भांड्याजवळून हलू नका. फेस एकदम वर येतो, दुधासारखा नाही, त्याहून चिवट, आणि सांडला तर फरशी दोन दिवस चपलांना धरून ठेवते. पाण्याची फवारणी करायची बाटली हाताशी ठेवा, फवारा मारला की बसतो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉसची अर्धी गोळी (गढूळपणा खाली बसायला) आणि तांब्याचा कॉइल आत, तो उकळत्या वर्टनेच निर्जंतुक होतो. कॉइलच्या नळीचा क्लॅम्प भांड्याच्या कडेच्या आत होता आणि तिथून नळाचं पाणी थेंब थेंब वर्टमध्ये ठिबकत होतं. क्लॅम्प कायम भांड्याच्या बाहेर येईल असा वाकवून घ्या. जानेवारीतल्या पाण्याने २५ मिनिटांत २० अंशांवर आलं. गार करून वाया जाणारं पाणी बादल्यांत भरून ठेवलं, सुरुवातीचं कडकडीत पाणी भांडी घासायला झकास.

शेवटी २२ लिटर, घनता १.०३७. तळाचा गाळ आणि हॉप्स सोडून २० लिटर बादलीत. वरून यीस्ट भुरभुरवलं, ढवळलं नाही. सगळं आवरायला दुपारचे साडेतीन.

त्याच दिवशी, रात्री

साखर गेली कुठे? १.०३७ चं २२ लिटर वर्ट म्हणजे धान्यात जेवढी होती त्यातली जेमतेम ६१ टक्के बाहेर आली. ७५ धरली होती. तापमान बरोबर होतं, वेळ पुरेसा होता, आयोडीन स्वच्छ होतं.

मग पिळलेला चोथा पांढऱ्या ताटात पसरून दिव्याखाली बसलो. दर चिमटीत एक-दोन दाणे अख्खे. साल शाबूत, भरडताना दातांतून तसेच निसटलेले. एक नखाने फोडला, आत खडूसारखा पांढरा, कोरडा गर. चावून पाहिला, कचकच लागला. नीट भरडलेल्या दाण्याचं सालच उरतं, आत काही राहत नाही.

आयोडीनने फसवलं ते असं: चाचणी द्रवाची होते. अख्ख्या दाण्यातला स्टार्च द्रवात उतरलाच नाही, तर थेंबात दिसणार कसा? वर्ट स्वच्छ आणि माल कोंड्यात.

दुकानात भरडणीच्या चक्कीच्या रुळांमध्ये अंतर जास्त ठेवलेलं असावं. तसं ते ठेवण्याला कारणही आहे. जे लोक चोथ्याच्या थरातूनच गाळतात त्यांना बारीक भरड चालत नाही, थर तुंबतो. पिशवीवाल्यांना ती अडचण नाही, आपली जाळी म्हणजेच गाळणी. त्यामुळे ऑर्डर देताना 'पिशवीसाठी बारीक' असं सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर अख्खं धान्य घ्या.

चोथ्यातला थोडा ओव्हनमध्ये वाळवून, मिक्सरमधून काढून थालिपिठाच्या भाजणीत घातला. वाटीला दोन चमचे ठीक. त्याहून जास्त घातला तर सालं दातांत अडकतात.

१३ जानेवारी, सोमवार

बादलीत दोन बोटं फेस, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बुडबुडतोय. बादली मागच्या छोट्या खोलीत. दिवसा रेडिएटर चालू असताना १९ अंश.

१८ जानेवारी, शनिवार

एअरलॉक शांत. मोजलं: १.०२०. आठवडाभरात १.०११ च्या जवळ यायला हवं होतं.

बादलीला चिकटवलेल्या पट्टीच्या थर्मामीटरवर सकाळी सहाला १४ अंश. रात्री अकराला हीटिंग बंद होतं आणि पहाटेपर्यंत खोली गारठते, हे दिवसा पाहून कळत नाही. एस-०४ हे इंग्लिश यीस्ट, गुठळ्या करून लवकर तळाशी बसणारं. बिअर छान नितळते ती त्यामुळेच. पण अर्ध्या वाटेवर थंडी लागली की काम टाकून आधीच बसतं.

बागकामाचं मोठं लवचीक टब आणलं (८ पौंड), त्यात बादली, भोवती अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, पाण्यात मत्स्यालयाचा हीटर (१४ पौंड) २० अंशांवर. झाकण न उघडता बादली हळूच गोल फिरवली, तळाचं यीस्ट पुन्हा तरंगावं म्हणून. ढवळू नका, हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

सगळ्या खटपटीतला सर्वात उपयोगी खर्च हा २२ पौंडांचा. पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, त्यामुळे रात्री-दिवसाचा चढउतार बादलीपर्यंत पोचतच नाही. तांब्याच्या कॉइलचे ५५ पौंड आधी इथे घालायला हवे होते. वर्ट झाकून रात्रभर गार होऊ दिलं तरी चालतं, बरेच जण तसंच करतात. यीस्ट गारठलं तर मात्र आठवडे जातात.

२० जानेवारी

पुन्हा बुडबुडे. सावकाश, पण आहेत.

२९ जानेवारी, बुधवार

१.०११. परवाही तेच होतं. दोन दिवसांच्या अंतराने आकडा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. आंबणं अर्धवट असताना भरल्या तर बाटल्या फुटतात, आणि काचेचे तुकडे मजेची गोष्ट नाही. अल्कोहोल ३.४ टक्के.

१ फेब्रुवारी, शनिवार: बाटल्या

५०० मिलीच्या तपकिरी बाटल्या, मित्रांकडून आणि ऑफिसच्या पार्ट्यांमधून जमवलेल्या. पारदर्शक आणि हिरव्या टाकून दिल्या, उजेड लागला की हॉप्समधल्या द्रव्यांतून स्कंकसारखी घाण येते. लेबलं काढायला कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि रात्रभर मुक्काम. तरी काही कंपन्यांचा गोंद असा की ब्लेडनेच निघतो.

९० ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळून, गार करून रिकाम्या बादलीत, त्यावर सायफनने बिअर. नळीचं टोक तळाला टेकलेलं, बिअर खळखळता कामा नये. प्रत्येक बाटलीत वेगळी साखर चमच्याने घालणारे असतात. ते केलं की एक बाटली मुकी आणि दुसरी कारंजं.

३८ बाटल्या झाल्या. खोक्यांत भरून गॅरेजमध्ये ठेवल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

एक उघडली. आवाजच नाही. ग्लासात ओतली, गोडसर, बसलेली. गॅरेजमध्ये ६ अंश. बुचाखालच्या साखरेवरही यीस्टलाच काम करायचं असतं, त्याला तीच ऊब लागते जी बादलीला लागत होती. हे आता लिहिताना उघड वाटतं. खोकी उचलून वर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात नेली. टॉवेल, चादरी बाहेर.

"हे कपाट माझं आहे, सांगून ठेवते. दोन आठवडे," इति बायको.

१५ फेब्रुवारी, शनिवार: भरड

उरलेली ५ किलोची पिशवी तीच, त्याच दुकानाची, त्याच दिवशी भरडलेली. एका अर्थी बरंच झालं. कृती तीच, पाणी तेच, फक्त भरड बदलून दुसरी खेप करता येईल. फरक पडला तर तो भरडीचाच.

आधी घरचा मिक्सर. दोन वाट्या टाकून बटण अगदी थांबत थांबत दाबलं. निम्म्याचं पीठ, निम्मे दाणे तसेच, आणि चौथ्या घाण्याला मोटर तापली. साडेचार किलोंसाठी हा मार्ग नाही.

मग हाताने फिरवायची दोन तबकड्यांची धान्यचक्की, २८ पौंड. गॅरेजच्या बाकाला क्लॅम्पने घट्ट बसवायची, सैल असेल तर चक्की जागेवर आणि बाक फिरतो. तबकड्यांतलं अंतर स्क्रूने कमी-जास्त होतं. मूठभर दळायचं, ताटात पसरायचं, अख्खा दाणा दिसला तर स्क्रू पाव फेरा आवळायचा. सालं मोठी राहिलेली आणि आतला गर रव्याएवढा झालेला, इथे थांबलो. साडेचार किलोंना पाऊण तास आणि दोन्ही खांदे. धूळ खूप उडते, आणि धान्याच्या धुळीवर दही लावणाऱ्या जातीचे जिवाणू असतात. बिअर जिथे आंबते किंवा भरली जाते त्या खोलीत दळू नका.

२२ फेब्रुवारी, शनिवार: दुसरी खेप

सकाळी आधी पहिल्या खेपेची एक बाटली उघडली. फस्स झालं, बारीक बुडबुडे. कपाटाने काम केलं.

पाणी, आम्ल, जिप्सम, ६६ अंश, तासभर, सगळं पहिल्यासारखंच. धान्य टाकताना फरक हाताला कळला, लापशी जास्त घट्ट. पिशवी निथळायला जवळपास दुप्पट वेळ, कारण बारीक कण जाळीला बसतात.

उकळण्याआधी २५ लिटर, १.०४१. नमुना दुसऱ्यांदा काढून खात्री केली.

आनंद बॉयलर ८८ अंशांवर जाईपर्यंत टिकला. तिथे टक्क आवाज आला आणि दिवा गेला. आधी फ्यूज तपासला, तो बरा होता. जाळीतून निसटलेलं पीठ तळाशी बसून करपायला लागलं होतं, त्याखाली धातू जास्त तापला आणि सुरक्षेचा कट-आउट पडला. गरम वर्ट स्टीलच्या जगने बादलीत काढलं (बादली उष्णता सहन करणारी आहे याची खात्री करून), तळ पाहिला, तांबूस पापुद्रा, भाकरीच्या तव्याएवढा गोल. काळा नव्हता म्हणून निभावलं. काळा झाला असता तर जळका वास बिअरमध्ये उतरला असता. लाकडी उलथन्याने खरवडला, बटण रीसेट केलं, वर्ट पुन्हा आत. पन्नास मिनिटं गेली.

पुन्हा चालू केल्यावर उकळी फुटेपर्यंत दर दोन मिनिटांनी लांब दांड्याच्या उलथन्याने तळ खरवडत राहिलो. एकदा खळखळ सुरू झाली की पीठ बसत नाही. चक्कीचा स्क्रूही पुढच्या वेळी थोडा सैल ठेवायचा. एक-दोन टक्के साखर कमी आली तरी चालेल, भांडं रिकामं करायची कटकट नको.

शेवटी २२ लिटर, १.०४७. हिशेबाने ७७ टक्के. तेच धान्य, तेवढंच पाणी.

बादली थेट टबात, हीटर १९ वर.

२ मार्च, रविवार

१.०१२. मध्ये कुठे थबकली नाही. रोज सकाळी पट्टी पाहिली, १९ आणि २० च्या मध्येच. ४.६ टक्के.

८ मार्च, शनिवार

बाटल्या. साखर तेवढीच, खोकी सरळ कपाटात. यावेळी विचारून.

बर्टनचा सहकारी दोन बाटल्या घेऊन गेला. त्याच्याशी बोलताना बर्टनच्या मार्स्टन्स ब्रुअरीतल्या 'युनियन' या आंबवण्याच्या जुन्या पद्धतीचा विषय निघाला. ओळीने मांडलेली लाकडी पिंपं, त्यांच्यातून यीस्ट बगळ्याच्या मानेसारख्या नळ्यांनी वरच्या पन्हळात चढतं आणि स्वच्छ बिअर खाली परत येते. २०२४ मध्ये बर्टनमध्ये ती पद्धत बंद झाली. एक संच बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेऊन पुन्हा चालू केला, म्हणजे तो आता डर्बीशायरमध्ये आला. तो म्हणतो एकदा जाऊन बघ. जायचंय.

२३ मार्च, रविवार: दोन्ही शेजारी शेजारी

लेबल झाकून ओतल्या, पण झाकायची गरज नव्हती, रंगावरूनच ओळखू येतात. पहिली पिवळसर, दुसरी मधाच्या रंगाची.

पहिली: नितळ, हलकी, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडूपणा रेंगाळतो. त्याच्या आड उभं राहायला माल्ट नाही. १.०३७ च्या वर्टला १.०४६ चे हॉप्स घातल्याचा हिशेब सरळ ग्लासात मिळतो. वर्ट पातळ निघालं तर पहिल्या हॉप्समधले पाचेक ग्रॅम कमी करा, बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी: हेच हवं होतं. आधी बिस्किटासारखा माल्ट, मग कडूपणा, मग कोरडं. गोल्डिंग्जचा वास पहिल्यापेक्षा कमी वाटतो, बहुधा माल्टखाली दबतो. आच बंद केल्यावर घालायचे ४० ग्रॅम पुढच्या वेळी ६० करून बघणार. फ्रिजमध्ये ठेवल्यावर किंचित धुरकट होते, ग्लास हाताळून जरा कोमट झाला की साफ. गार केल्यावर प्रथिनं दिसतात ती ही. बारीक भरडीमुळे असेल किंवा आयरिश मॉस कमी पडलं असेल, हे पुढच्या खेपेत पूर्ण गोळी घालून पाहता येईल.

सहकाऱ्याचा निरोप: "दुसरी बरी आहे. पहिलीला बिटर म्हण, कुणाला कळणार नाही." (बिटर म्हणजे इथल्या पबमधली कडवट बिअर.) घरातलं मत उलटं. कांदाभज्यांबरोबर ३.४ टक्केवालीच उठली, आणि तिच्या चारच बाटल्या उरल्यात.

एका खेपेचा माल: माल्ट १०, हॉप्स ७, यीस्ट ४, आम्ल-जिप्सम-गोळ्या मिळून १, एकूण २२ पौंड. विजेचे वेगळे. बाटलीमागे साठेक पेन्स. यंत्रसामग्री धरली तर हा हिशेब बायकोसमोर मांडू नये.

चक्की आता बाकाला कायमची बसवली आहे. अख्ख्या मॅरिस ऑटरची २५ किलोंची गोणी मागवली, ती भरडलेल्या मालापेक्षा किलोमागे स्वस्त पडते आणि महिनोन् महिने टिकते. येईल त्या शनिवारी तिसरी.